जमाखर्चाची वही न लिहिणाऱ्यांसाठी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढले. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



मला दिलेल्या विषयात आधी 'कौटुंबिक अंदाजपत्रक' असा शब्द होता. तो मी सेक्रेटरी साहेबांना सांगून काढायला लावला. एक तर छत्तीस वर्षे बँकेत काढलेला म्हातारा अंदाजपत्रकावर बोलणार म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे लोक लिफ्टने खाली येण्याऐवजी वर गच्चीवर गेले असते. आणि दुसरे, खरे कारण असे की घरातल्या अंदाजपत्रकावर माझाच फारसा विश्वास नाही.

बँकवाल्याच्या तोंडी हे शोभत नाही, मला ठाऊक आहे. पण मी बरीच वर्षे कर्ज विभागात होतो. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही विचारायचो, महिन्याचा घरखर्च किती? तो एक आकडा सांगायचा. मग खात्याचा उतारा पाहिला की दुसराच आकडा निघायचा. माणूस खोटे बोलत नसे. त्याला मनापासून तेवढाच खर्च होतो असे वाटत असे. काही जण तर वही घेऊन यायचे. सुंदर रेघा मारलेल्या, दूध, भाजी, किराणा, प्रवास, किरकोळ असे रकाने. जानेवारीची पाने भरलेली, फेब्रुवारीची अर्धी, मार्चपासून वही कोरी. आणि भरलेल्या पानांवर सगळ्यात मोठा आकडा कुठल्या रकान्यात? 'किरकोळ'!

कंपनीत अंदाजपत्रक चालते, कारण तिथे एकाने व्हाउचर केले की त्यावर दुसऱ्याची सही लागते. बँकेत आम्ही याला मेकर आणि चेकर म्हणायचो. नोंद करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. घरात काय होते? मंजुरी देणारे आपण, खर्च करणारे आपण आणि तपासणारेही आपणच. अशा खात्याचा लेखापरीक्षण अहवाल कसा येणार ते सांगायला नको.

तेव्हा वही न लिहिता, रकाने न पाडता, नको तो खर्च कसा आवरता येईल एवढेच आज बोलायचे आहे.

आता हा विषय आजच का? गेल्या वर्षीच्या आपल्या विशेष सर्वसाधारण सभेत बाहेरचे प्लास्टर, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि लिफ्ट यांचा ठराव झाला. शिल्लक निधी वजा जाता प्रत्येक फ्लॅटमागे ९० हजार रुपये आले. त्या सभेत एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. पेन्शनवर चालणाऱ्या काही घरांनी आठवड्याभरात चेक दिले. आणि दोन-दोन पगार येणाऱ्या काही घरांनी दहा हप्ते मागितले. हप्ते मागण्यात गैर काहीच नाही, कमिटीने ते दिलेही. मी कोणाला टोमणा मारत नाही. पण सभेनंतर जिन्यात एक तरुण मला म्हणाला, "काका, पगार चांगला आहे हो, पण हातात काही राहतच नाही. वीस तारखेला मोबाईलवर शिल्लक बघायची भीती वाटते." त्याचा महिन्याचा पगार माझ्या नोकरीतल्या शेवटच्या पगाराच्या दुपटीहून जास्त असेल. मुलगा निर्व्यसनी, सरळमार्गी. पैसा जातो कुठे हे त्याला खरोखरच माहीत नव्हते. उद्या घरात कोणाला हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर काय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. विमा आहे म्हणाला. पण अ‍ॅडमिट करताना डिपॉझिट मागतात, आणि विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे बिल वेगळे येते, हे इथल्या प्रत्येक ज्येष्ठाला अनुभवाने ठाऊक आहे.

पैसा कुठे जातो याचा थोडा सुगावा आपल्या गेटवर लागतो. वॉचमनकडे पार्सलचे रजिस्टर आहे. एका रविवारी सहज म्हणून मी त्या दिवसाच्या नोंदी मोजल्या. आपली घरे ४८. रात्री दहापर्यंत नोंदी झाल्या ४१. कोणाच्या घरी किती, ते मी पाहिले नाही, पाहिले असते तरी इथे सांगितले नसते. (हशा) त्यात औषधे असतील, मुलांची पुस्तके असतील. पण ४१ वेळा कोणाला तरी काही तरी इतके तातडीने हवे होते, की सोमवारपर्यंत थांबता आले नाही?

आता आपल्याच सोसायटीचे उदाहरण देतो, कारण खर्च आवरण्याची सगळ्यात चांगली पद्धत आपण गेली पंचवीस वर्षे न कळत पाळत आलो आहोत. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरसाल सिंकिंग फंडात घेते. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. समजा, एखाद्या फ्लॅटचा बांधकाम खर्च त्या वेळी ३ लाख होता. पाव टक्का म्हणजे वर्षाला ७५० रुपये, महिन्याला साडेबासष्ट. पंचवीस वर्षांत आपण भरले एकूण १८,७५०. त्यावर सरासरी ७ टक्के व्याज धरले तर आज ते सुमारे ४७ हजार होतात. अशा ४८ घरांचे मिळून पावणेतेवीस लाख. आता मला सांगा, त्या साडेबासष्ट रुपयांमुळे कोणाच्या घरात एक वेळ चूल पेटली नाही असे झाले का? कोणाला जाणवले तरी का? नाही जाणवले. कारण ते आधी गेले. मेंटेनन्सच्या बिलात बसून गेले. सोसायटीने आपल्याला विचारले नाही की बाबांनो, महिनाअखेर काही उरले तर द्या. तसे विचारले असते तर आज या इमारतीवर वॉटरप्रूफिंग नाही, ताडपत्री दिसली असती.

माझ्या पिढीतल्या बायकांना हे शिकवावे लागले नाही. आमच्या सौ.ला जमाखर्च लिहिताना मी आयुष्यात पाहिले नाही. तिच्याकडे फडताळात सहा डबे होते. पगाराच्या दिवशी मी पाकीट देवापुढे ठेवायचो आणि संध्याकाळपर्यंत ते रिकामे व्हायचे. एका डब्यात भाडे, एकात दूध, एकात वाण्याचे, एकात शाळेची फी, एकात सणवार. सहाव्या डब्यात काय असे ते मला आजतागायत कळलेले नाही, पण मुलीच्या लग्नात त्यातून दोन बांगड्या निघाल्या. सणावाराचा डबा रिकामा झाला की त्या महिन्यात पाहुण्यांना श्रीखंडाऐवजी शिरा. भांडण नाही, हिशेब नाही. डब्याचा तळ दिसला की विषय संपला.

आज तळच दिसत नाही, ही खरी अडचण आहे. नोट मोजून देताना हाताला कळते की काही तरी गेले. शंभराची मोडली की उरलेले सुटे खिशात वाजतात. २०१६ साली यूपीआय आले. मी त्याच्या विरुद्ध नाही. उलट बँकेतला माणूस म्हणून मला त्याचे अपार कौतुक आहे. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत पैसे क्षणात पोचतात, सुट्ट्यांची कटकट संपली. पण चहाचे दहा रुपये आणि बुटांचे चार हजार, दोन्हींना अंगठ्याला लागणारे कष्ट सारखेच. लहान रकमांसाठीच्या यूपीआय लाइटमध्ये तर पिनही विचारत नाहीत. आणि सगळे पैसे जातात कुठून? थेट पगाराच्या खात्यातून, जिथे घराचा हप्ता, मुलांची फी, विम्याचा प्रीमियम सगळे एकत्र नांदत असते. म्हणजे सहाही डबे एकाच पातेल्यात ओतले, आणि वर झाकणही नाही.

मग उपाय काय? डबे परत आणायचे, फक्त बँकेत. आणखी एक बचत खाते उघडा. त्यात किमान शिल्लक किती लागते ते काउंटरवर आधी विचारून घ्या. शून्य शिल्लकीचे मूलभूत बचत खाते घेणार असाल तर लक्षात ठेवा, ते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. ते दुसऱ्या बँकेत उघडावे लागते. पगार झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला घराचा हप्ता, मेंटेनन्स, विमा, आवर्ती ठेव हे सगळे स्थायी आदेशाने आपोआप जाऊ द्या. आणि नव्या खात्यात दर सोमवारी एक ठराविक रक्कम. मोबाईलवरच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये फक्त हेच खाते जोडायचे. पगाराचे खाते अ‍ॅपमधून काढून टाकायचे. भाजी, फळे, रिक्षा, बाहेरचे खाणे, कपडे, पार्सले, सगळे याच खात्यातून. संपले की संपले, डब्याचा तळ दिसला.

सोमवारच का, असे मला एकीने विचारले. शुक्रवारी पैसे टाकले तर रविवारी रात्रीपर्यंत त्यांचा निकाल लागतो. सोमवारी टाकले की शनिवार-रविवार उरलेल्या पैशांवर काढायचे असतात, आणि माणूस आठवडाभर जरा जपून राहतो. आणि महिन्याची रक्कम एकदम का नाही? कारण महिना फार मोठा असतो. पाच तारखेला आपण सगळेच राजे असतो. आठवड्याची चूक आठवड्यातच निस्तरते.

ती ठराविक रक्कम ठरवायची कशी? इथेही वही नको. गेल्या तीन महिन्यांचा उतारा काढा. घराचा हप्ता, फी, विमा, वीज, बाईंचा पगार हे सोडून, यूपीआय आणि कार्डाने जे काही गेले त्याची बेरीज करा. तीन महिने म्हणजे १३ आठवडे. १३ ने भागा. त्यातून दहावा हिस्सा कमी करा. बस. एकदम निम्मे करायला जाऊ नका. उपास करणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवतो.

जिन्यात भेटलेल्या त्या मुलाने हे करून पाहिले. त्याच्या आणि सूनबाईंच्या परवानगीने सांगतो, मजला मात्र सांगणार नाही. त्यांच्याकडे आधी संगणकावर चौदा रकान्यांचा तक्ता होता, तो दोन वेळा सुरू करून दोन वेळा बंद पडला होता. तीन महिन्यांची बेरीज आली १ लाख ४३ हजार. आठवड्याला ११ हजार. दोघेही बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. दहावा हिस्सा काढून ९,९०० पासून सुरुवात केली, पुढे आपणहून ९ हजारांवर आले. पहिल्या महिन्यात एका गुरुवारी खाते रिकामे झाले. पगाराच्या खात्यातून 'फक्त या वेळी' थोडे घेऊ या, असे वाटलेच. सूनबाई म्हणाल्या, नाही. मग रविवारपर्यंत पिठलं-भात, थालीपीठ, कढी-खिचडी यांवर घर चालले. आठवड्याचे दोन हजार कमी म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांच्या वर. सोसायटीच्या दुरुस्तीचा त्यांचा हप्ता होता ९ हजार. दहाही हप्ते त्यांनी वेळेवर भरले. पण मला त्याहून आवडले ते पुढचे. दहावा हप्ता गेल्यावर त्यांनी तो स्थायी आदेश बंद केला नाही. तेवढेच ९ हजार आता पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत जातात. दहा महिने त्या पैशांशिवाय घर चालले होते, ते अकराव्या महिन्यातही चालले.

पगारवाढीचेही असेच आहे. बँकेत आमचा महागाई भत्ता दर तिमाहीला बदलायचा आणि कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची वर्गणी पगारातूनच कापली जायची. भत्ता वाढला की जुने हेडक्लार्क आम्हा पोरांना पतपेढीची वर्गणी वाढवायला लावायचे, वाढ हातात पडण्याच्या आत. पुढे वाचनात आले की रिचर्ड थेलर नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने याच कल्पनेवर योजना आखली. कामगारांना आज बचत वाढवा म्हटले तर नको म्हणतात, पण पुढच्या पगारवाढीतून कापा म्हटले तर हो म्हणतात. या गृहस्थांना २०१७ साली नोबेल मिळाले. आमचे हेडक्लार्क बिनपदकाचेच निवृत्त झाले. (हशा) तुमचे पगार वाढायचे आहेत, त्या तरुण मंडळींनी एवढे करावे. वाढीतली निम्मी रक्कम पहिल्याच महिन्यात आवर्ती ठेवीकडे वळवावी. निम्मी खुशाल मौजेत घालवा. तीही कमावलेलीच आहे.

आता त्या पार्सलांकडे येतो. मोबाईलवर 'फक्त दोन शिल्लक', 'दहा मिनिटांत ऑफर संपणार' असे घड्याळ फिरत असते. हे घड्याळ बहुतेक वेळा आपल्याला पळवण्यासाठीच असते. सरकारलाही ते कळले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई करणे, टोपलीत न विचारता वस्तू घुसवणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, वर्गणी चालू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, असे सगळे प्रकार त्यात आहेत. तक्रारीची सोय आहे. पण रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून खरेदी करताना कायदा शेजारी येऊन बसत नाही.

माझ्या मुलीच्या घरी मी एक युक्ती पाहिली, ती तुम्हाला सांगतो. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. घेण्यासारखी वस्तू मनात आली की आजच्या तारखेच्या चौकटीत तिचे नाव पेन्सिलने लिहायचे. घ्यायची नाही, फक्त लिहायची. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला बघायचे. हवीच असेल तर घ्यायची, कोणाला विचारायचे नाही, अपराधी वाटून घ्यायचे नाही. गेल्या वर्षीच्या त्या कॅलेंडरची पाने मी चाळली. एअर फ्रायर, तिसरी सुटकेस, भिंतीवरचे घड्याळ, योगासनांची दुसरी चटई. बऱ्याच नावांवर रेघ मारलेली. जावईबापूंच्या एका चौकटीत 'गिटार' होते, ते मात्र तीन महिने लागोपाठ लिहिलेले होते. ते घेतले. आता ते दररोज वाजवतात. शेजारच्यांचे मत मी विचारलेले नाही.

आणि एक काम वर्षातून एकदा करायचे. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे म्हणून एक भाग असतो. तो उघडून बघा. सिनेमे, गाणी, व्यायाम, मुलांचे शिकवणीचे अ‍ॅप, फोटो ठेवायची जागा, काय काय दर महिन्याला आपोआप जात असते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना यायला हवी आणि ते बंद करण्याची सोयही हवी. सूचना येते. आपण ती न वाचता सरकवतो. ज्या गोष्टीचे नाव वाचून 'हे काय आहे?' असा प्रश्न पडेल, ती त्याच क्षणी बंद करावी. हवी असेल तर आठवण येईलच.

क्रेडिट कार्डावर मला वेगळे भाषण देता येईल, पण एकच हिशेब सांगतो. समजा, कार्डावर २० हजार थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. व्याज झाले ७००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १२६. म्हणजे ८२६ रुपये. तुम्ही बिलावर लिहिलेली किमान रक्कम म्हणून हजार रुपये भरलेत, तर मुद्दल कमी झाले फक्त १७४ रुपयांनी! शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. मेंटेनन्स थकला तर उपविधीप्रमाणे सोसायटी जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावू शकते. त्यावरून वार्षिक सभेत किती आवाज चढतात ते मी खजिनदार असताना सहन केले आहे. आणि तीच माणसे कार्डाला वर्षाचे ४२ टक्के हूं की चूं न करता देतात. 'नो कॉस्ट ईएमआय'चेही तसेच. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोख घेतल्यास किती सूट, हा एक प्रश्न दुकानात विचारून बघा, बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळते. कार्ड ज्यांना सोडवत नाही त्यांनी निदान बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याची मर्यादा स्वतः कमी करून ठेवावी. ऑनलाइन, परदेशातले, नुसते टेकवून होणारे असे व्यवहार वेगवेगळे बंद-चालू करण्याची सोय २०२० पासून दिलेली आहे.

वहीच्या जागी मी फक्त एक गोष्ट सुचवतो. दर रविवारी चहाबरोबर दहा मिनिटे त्या हातखर्चाच्या खात्याचा उतारा वाचायचा. पासबुक छापून आणणारे पासबुक वाचतील, ते तर उत्तमच. लाल पेन्सिल घ्यायची आणि दोनच प्रकारच्या नोंदींवर खूण करायची. कशाचे पैसे ते आठवत नाही, अशी नोंद. आणि पुन्हा तीच वेळ आली तर घेणार नाही, अशी नोंद. बाकी कशालाही हात लावायचा नाही. नवऱ्याने बायकोच्या आणि बायकोने नवऱ्याच्या नोंदींवर खुणा करायच्या नाहीत. हा नियम मोडला तर जमाखर्च राहील बाजूला, आणि दुसराच खर्च सुरू होईल. (हशा)

कोणता खर्च अनावश्यक, हे मी सांगणार नाही. ते प्रत्येक घराचे वेगळे असते. एकाला वर्तमानपत्र वायफळ वाटते, मला ते नसेल तर सकाळ होत नाही. फक्त एक विनंती आहे. हात आखडायची वेळ आली की आपण पहिली कात्री कामवाल्या बाईंच्या पगारवाढीला आणि इस्त्रीवाल्याच्या दोन रुपयांना लावतो. त्याने पाचशे रुपयेसुद्धा वाचत नाहीत.

माझ्या वयाच्या मंडळींना मात्र उलटे सांगायचे आहे. आपल्यातले काही जण मुदत ठेवींच्या पावत्या उशाखाली घेऊन झोपतात आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' म्हणत तीन उन्हाळे काढतात. कानाचे यंत्र नको, कशाला एवढे पैसे? आणि मग सभेत ठराव ऐकू येत नाही म्हणून विरोध करतात. (हशा) आवश्यक खर्च टाळणे याला काटकसर म्हणत नाहीत. दिवाळीत नातवंडांना पाकिटे देताना हात सढळ असतो ना? मग आपल्या दातांसाठीही तो थोडा सढळ ठेवा.

शेवटी सोसायटी म्हणून काही करता येईल ते कमिटीपुढे ठेवतो. काही खर्च घराघराला एकट्याने कमी करता येत नाहीत, कारण तो लोकलाजेचा खर्च असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने वाण म्हणून स्टीलचा डबा दिला की दुसरीला काचेचा बाऊल द्यावा लागतो. आज प्रत्येक स्वयंपाकघरात माळ्यावर न वापरलेल्या वाणांचा एक खोका आहे, हे भगिनींनी मनातल्या मनात कबूल करावे. मुलांच्या वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टचीही तीच गत. पंधरा मुले, प्रत्येकी दोनशे, म्हणजे तीन हजार, आणि ते खेळणे दुसऱ्या दिवशी मोडलेले. एका घराने बंद केले तर लोक काय म्हणतील? पण महिला मंडळाने आणि पालकांनी मिळून ठरवले, की आपल्या इमारतीत वाण म्हणजे तिळगूळ आणि एखादे कडधान्य, आणि वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट नाही, तर कोणी कोणाला काही म्हणणार नाही. असा ठराव उपविधींत बसत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बसतो.

दुसरे, ड्रिल मशीन. वर्षातून दोनदा भिंतीला भोक पाडण्यासाठी किती घरांत ते घेऊन ठेवले आहे, हात वर करा बघू. (बरेच हात वर झाले.) मोठी शिडी, ड्रिल, वजनकाटा, पाहुण्यांसाठीच्या चार घडीच्या खाटा, व्हीलचेअर आणि वॉकर, एवढ्या वस्तू सोसायटीच्या ऑफिसात ठेवल्या आणि वॉचमनच्या रजिस्टरात सही करून नेल्या-आणल्या तर चालेल की नाही? व्हीलचेअर तर आजारपणात अचानक लागते आणि बरे झाल्यावर बाल्कनीत गंजत पडते. माझ्याकडची एक मी उद्याच ऑफिसात आणून देतो.

एवढेच. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी संध्याकाळी सहा ते सात मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. ज्यांना १३ ने भागाकार करून हवा आहे, दुसरे खाते कसे उघडायचे ते विचारायचे आहे, किंवा ऑटोपे बंद करायला डोळे आणि चष्मा पुरत नाहीत, त्यांनी उतारा घेऊन यावे. पिन मात्र मलाही सांगायचा नाही, ओटीपीही नाही, मी कितीही गोड बोललो तरी. आकडे बाहेर जाणार नाहीत, एवढी सवय नोकरीने लावली आहे. चहा मिळेल. तो सोसायटीच्या खर्चाने नाही, माझ्या सोमवारच्या खात्यातून.